बारा खुर्च्या आणि न घेतलेला एक शॉट

लग्नात, बारशात, कुठेही गेलं की कुणीतरी विचारतंच, "पीएचडी कशात चाललीय?" मी सांगते, "सिनेमात." मग ठरलेला पुढचा प्रश्न, "म्हणजे नुसते सिनेमे बघायचे?" पूर्वी मी यावर लांबलचक उत्तर द्यायचे. आता एकच सांगते, "नाही हो, माणसं मोजायची." समोरचा गप्प होतो आणि मला जेवायला मिळतं.

पण उत्तर खोटं नाही. माझ्या वहीत प्रत्येक शॉटपुढे तीन रकाने असतात. पहिल्यात लिहायचं, कोण बोलतंय. दुसऱ्यात, कोण दिसतंय. तिसऱ्यात, कोण खोलीत आहे. पहिले दोन रकाने भरायला काही कष्ट नाहीत, सिनेमा समोर चालूच असतो. तिसरा भरताना मात्र मागे जावं लागतं. मघाशी दारातून आत आलेली ती बाई गेली कुठे? बाहेर गेल्याचं तर दाखवलं नाही. म्हणजे ती अजून खोलीतच आहे. फक्त आपल्याला ती दाखवलेली नाही. माझं सगळं संशोधन या तिसऱ्या रकान्यावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

आज त्याबद्दलच सांगते. एका खोलीत पुष्कळ माणसं असतील तर कॅमेऱ्याने सगळ्यांना कसं टिपायचं, आणि "सगळ्यांना टिपलं" म्हणजे नेमकं काय केलं? प्रश्न तांत्रिक वाटेल. मलाही तसाच वाटायचा. तो तसा नाही हे मला एका चुकीमुळे कळलं. ती चूक माझीच होती, म्हणून आधी ती सांगून टाकते.

माझी चूक

एम.ए.ला असताना आम्ही चौघांनी मिळून एक छोटी फिल्म केली होती. त्यात वाटणीचा सीन होता. सोप्यात बैठक बसलीय. म्हातारी आई, तीन भाऊ, दोन सुना आणि माहेरी आलेली बहीण, म्हणजे सातजण. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि सीन संपायचा. आपल्याकडे हे किती घरांत झालंय आणि होतंय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शूटिंगला एकच दिवस होता, कॅमेरा भाड्याचा. शॉट डिव्हिजन मीच केलं होतं. आधी सगळ्यांचा मास्टर, मग थोरल्याचा क्लोज, मधल्याचा क्लोज, धाकट्याची चिडचिड, आईचे डोळे, सुनांचा टू-शॉट आणि शेवटी कागदावर सही करणारा हात. संवाद असलेल्या प्रत्येकाला शॉट मिळाला होता. बहिणीला संवाद नव्हता. ते मुद्दामच होतं. ती गप्प असण्यातच सगळं आहे, असं मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगितलं होतं.

एडिटला बसल्यावर लक्षात आलं की बहिणीचा एकही शॉट नाही. मास्टरमध्ये ती खांबाजवळ बसलेली दिसते, तीही अर्धी, कारण मधला भाऊ पुढे वाकला की झाकली जाते. बाकी फक्त हात. जिच्या हक्काचा सीन तीच सीनमध्ये नाही. भाऊ काय म्हणतात ते ऐकताना तिला काय वाटतंय, हे बघायला आमच्याकडे काहीच नव्हतं. दिवस संपला होता, कॅमेरा परत गेला होता, सोपाही परत मिळणार नव्हता.

बहिणीचं काम करणाऱ्या ताई प्रायोगिक नाटकातल्या. दिवसभर त्या खांबापाशी बसून होत्या, एकदाही कुरकुर नाही. फिल्म दाखवली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझा हात बरा आलाय गं." त्या वाक्यानंतर मला बरेच दिवस झोप नीट लागली नव्हती. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

विचार करा, आम्ही काय केलं होतं? त्या घराने बहिणीचं जे केलं, अगदी तेच आम्ही कॅमेऱ्याने केलं. सही घेतली आणि बाजूला बसवलं. फरक इतकाच की घराने ते ठरवून केलं होतं आणि आमच्या हातून ते बेसावधपणे झालं. म्हणून वाटतं, आपण बेसावध असलो की कॅमेरा घरातली जुनी सवयच पुढे चालवतो.

सहासष्ट रेषा

आता थोडं तंत्र. घाबरू नका, सोपं आहे.

दोन माणसं समोरासमोर बोलतायत. त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असं समजा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर एकजण पडद्यावर उजवीकडे बघताना दिसेल आणि दुसरा डावीकडे. दोघांना वेगवेगळं घेऊन जोडलं तरी ते एकमेकांशी बोलतायत हे आपल्याला पटतं. सेटवर याला 'लुक' म्हणतात. कॅमेरा रेषा ओलांडून पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघायला लागतात आणि प्रेक्षक गोंधळतो, हे बोलतायत तरी कुणाशी?

दोन माणसांत रेषा एकच. तिघांत तीन. आमच्या बैठकीतल्या सातजणांत एकवीस. आणि टेबलाभोवती बाराजण बसले तर? प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी एक जोडी धरली तर ६६. प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंचे चेहरे हवेत, म्हणजे १३२ नजरा. एवढं कुणी शूट करत नाही, करू शकतही नाही. म्हणजे पहिल्याच पायरीवर निवड आली. सगळ्यांना सगळ्यांकडे बघताना दाखवता येत नाही, म्हणून दिग्दर्शकाला ठरवावं लागतं की कुणाचं कुणाकडे बघणं महत्त्वाचं आहे.

बाराजणांचं हे गणित मी उगाच घेतलेलं नाही. १९५७ साली सिडनी ल्युमेटने 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' केला तेव्हा त्याच्यापुढे हेच होतं. तो त्याचा पहिला चित्रपट. मूळ नाटक रेजिनाल्ड रोझने १९५४ साली टीव्हीसाठी लिहिलेलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. बाराजणांची ज्युरी खोलीत बंद होते. अकराजण म्हणतात दोषी, एकजण म्हणतो थांबा, बोलू या. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडतो.

पैसे कमी होते, दिवसही कमी. ल्युमेटने पुढे आपल्या पुस्तकात हे काम कसं उरकलं ते सांगितलंय. एका खुर्चीवर प्रकाशयोजना केली की त्या खुर्चीवरून घडणारं सगळं एकदम शूट करून टाकायचं, मग ते सिनेमात सुरुवातीला येवो की शेवटी. फक्त खोलीची फेरी तीनदा मारायची. एकदा दिवसाच्या उजेडात, दुसऱ्यांदा ढग दाटून आल्यावरच्या उजेडात आणि तिसऱ्यांदा खोलीतले दिवे लागल्यावर. याचा परिणाम बघा. हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब पडद्यावर एकमेकांवर तुटून पडतात, पण त्या भांडणातला एकाचा चेहरा आज घेतलेला आणि दुसऱ्याचा सात-आठ दिवसांनी. कॉबचा आवाज त्या दिवशी किती चढला होता, हे दिग्दर्शकाला आठवडाभर डोक्यात ठेवावं लागायचं. त्याआधी दोन आठवडे तालमी झाल्या होत्या, म्हणूनच ते जमलं. शूटिंग १९ दिवसांत आटोपलं, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

वरवर बघितलं तर ही पैसे वाचवायची युक्ती आहे. पण मला तिच्यात आणखी काहीतरी दिसतं. खुर्चीवार शूटिंग करायचं म्हटलं की प्रत्येक खुर्चीवर थांबावंच लागतं. या माणसाचं सबंध सिनेमात काय होतं, तो केव्हा बोलतो, केव्हा नुसता ऐकतो, केव्हा मत बदलतो, याची यादी हातात घेऊनच त्या खुर्चीपुढे कॅमेरा लावायचा. 'संवाद कुणाला आहे' हा प्रश्न मागे पडतो, 'या खुर्चीत कोण बसलंय' हा पुढे येतो. माझ्या शॉट डिव्हिजनमध्ये संवादांची यादी होती, खुर्च्यांची नव्हती. खांबाजवळची जागा त्यामुळेच राहून गेली.

बघणं हाच पुरावा

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वर लिहिणारे बहुतेक जण लेन्सबद्दल लिहितात, आणि ते बरोबरच आहे. बॉरिस कॉफमन हा छायालेखक. सिनेमाच्या पहिल्या तृतीयांशात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटच्या भागात तिच्या खाली. सोबत लेन्सही बदलत जातात. आधी रुंद, मग लांब पल्ल्याच्या. रुंद लेन्समध्ये माणसांमधलं अंतर आहे त्याहून मोठं वाटतं, लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन चिकटते. शेवटाकडे तर छतही दिसू लागतं. खोली तीच, पण बघणाऱ्याचा जीव गुदमरायला लागतो. अगदी शेवटी माणसं कोर्टाबाहेर पडतात तेव्हा सगळ्यात रुंद लेन्स आणि सगळ्यात उंच कॅमेरा. आपणही श्वास सोडतो.

हे सगळं खरं, पण माझ्या तिसऱ्या रकान्यातून बघितलं की दुसरीच एक गोष्ट हाती लागते. या सिनेमातले मोठे पुरावे युक्तिवादातून सापडत नाहीत, ते कुणीतरी कुणाकडेतरी नीट बघितल्यामुळे सापडतात.

आठवा, चौथा ज्युरर चष्मा काढून नाकाच्या दोन्ही बाजू चोळतो. किती बारीक गोष्ट! ती नवव्याला, त्या म्हाताऱ्याला दिसते. त्यावरून त्याला आठवतं की साक्षीदार बाईच्या नाकावरही तसेच वळ होते. म्हणजे ती चष्मा वापरते. मग झोपताना चष्मा नसताना तिने पलीकडच्या खिडकीतला माणूस ओळखला कसा? खटला तिथे उलटतो. आता दिग्दर्शकाच्या बाजूने विचार करा. चौथा ज्युरर चष्मेवाला, शांत, काटेकोर माणूस आहे, हे तोवर आपल्या डोक्यात बसलेलं नसेल तर हा क्षण जादूगाराने टोपीतून ससा काढल्यासारखा वाटेल. तो बसलेला असतो, कारण मघापासून कॅमेऱ्याने त्याच्याकडे पुरेसं लक्ष दिलेलं आहे. मला घाम येत नाही असं सांगणाऱ्या याच माणसाच्या कपाळावर, पाहिलेल्या सिनेमांबद्दल उलटतपासणी झाल्यावर, घामाचे थेंब येतात. ते आपण जवळून बघतो.

नवव्या म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट टिपलेली असते. दुसरा साक्षीदार, तोही म्हातारा, फाटक्या कोटात आला होता आणि लंगडत होता. आयुष्यभर कुणी दखल न घेतलेला माणूस, एकदा तरी आपलं कुणी ऐकावं म्हणून बोलला असेल, असं काहीसं तो सुचवतो. बाकीच्यांना हे दिसलेलं नसतं. ज्याच्याकडे स्वतःकडेच कुणी बघत नाही, त्याला दुसरा दुर्लक्षित माणूस बरोबर दिसतो. माझ्या मते सगळ्या सिनेमाची किल्ली इथे आहे.

आणि दहाव्या ज्युररचं ते भाषण. 'ही असली माणसं' म्हणत तो झोपडपट्टीतल्या लोकांबद्दल विष ओकायला लागतो. साध्या दिग्दर्शकाने काय केलं असतं? त्याचा लालबुंद चेहरा, मग एकेकाची नाराजी, असे बारा तुकडे. ल्युमेट कॅमेरा लांब ठेवतो. माणसं एकेक करून टेबलावरून उठतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवतात. आपल्याला दिसतात त्या पाठी. प्रत्येक माणूस त्या एका चौकटीत आहे, प्रत्येकाने आपलं मत दिलंय, आणि क्लोज कुणाचा लागलेलाच नाही. 'सगळ्यांना टिपणं' म्हणजे सगळ्यांचे चेहरे घेणं नव्हे, हे मला या प्रसंगाने शिकवलं.

मग तक्रार काय?

तुम्ही म्हणाल, एवढं कौतुक केलंस, यात समीक्षा कुठे आली? आता येते.

वहीचा तिसरा रकाना खोलीपुरता असतो. पण निर्णय खोलीबाहेरच्या माणसाचा चाललाय. आरोपी पोरगा आपल्याला सुरुवातीला कोर्टात एकदा दिसतो. त्याचा चेहरा जवळून, बराच वेळ, न बोलता, आणि मग तो चेहरा विरत ज्युरीच्या खोलीत मिसळतो. संपलं. पुढे त्याचं बालपण, त्याचा चाकू, त्याची वस्ती यांवर बाराजण बोलत राहतात. साक्षीदार बाईचंही तेच. तिच्या नाकाची, तिच्या डोळ्यांची, नटण्यामुरडण्याची चर्चा होते, पण त्या चर्चेत ती कुठेच नाही. खोलीत एकही बाई नाही.

याचं समर्थन करता येतं. आपण ज्युरीच्या जागी बसलोय, ज्युरीला जे दिसतं तेवढंच आपल्याला. मान्य. तो एक शॉट शेवटपर्यंत मनातून जात नाही, हेही मान्य. पण भल्या माणसांनी बंद खोलीत नीट चर्चा केली की बाहेरच्याला न्याय मिळतो, हा दिलासा सिनेमा देतो, तेव्हा बाहेरच्याचं तोंड बंद ठेवूनच तो देतो, हे विसरून चालणार नाही. आमच्या सोप्यातल्या बैठकीतले भाऊही स्वतःला भलेच समजत होते.

बासू चटर्जींनी १९८६ साली हीच गोष्ट 'एक रुका हुआ फैसला' म्हणून हिंदीत आणली, जवळजवळ प्रसंगाला प्रसंग ठेवून. के. के. रैना, पंकज कपूर, अन्नू कपूर ही रंगभूमीवर मुरलेली माणसं. गंमत म्हणजे तोवर भारतात ज्युरी उरलीच नव्हती. मुंबईतल्या १९५९च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ही पद्धत गेलीच. म्हणजे आपण आपल्याकडे नसलेल्या खोलीत बसून वाद बघत होतो. तरी तो सिनेमा आपल्याला आपला वाटतो. का? कारण बारा पुरुष एका खोलीत बसून बाहेरच्या कुणाचं तरी ठरवतायत, हे चित्र आपल्या चांगलं ओळखीचं आहे. फक्त ते कोर्टात बघितलेलं नसतं, भावकीच्या बैठकीत बघितलेलं असतं.

'कोर्ट'मधला लांब कॅमेरा

आपली खरी कोर्टाची खोली दाखवली ती चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ने, २०१४ साली. छायालेखक मृणाल देसाई. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटारकामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी कांबळे केलाय.

ल्युमेटच्या बरोबर उलटी पद्धत. कॅमेरा मागे, स्थिर. न्यायाधीश, वकील, टायपिस्ट, शिपाई, बाकांवरची माणसं, सगळे एकाच चौकटीत. कुणाला टिपलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण सगळेच दिसतायत. पहिल्यांदा बघताना मला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? नजर कुठे ठेवायची ते सिनेमा सांगतच नाही. दुसऱ्यांदा बघताना कळलं की ती मोकळीक नसून परीक्षा आहे. तुम्ही स्वतःहून कुणाकडे बघता, ते इथे उघडं पडतं. मी मोजायला बसले तेव्हा लक्षात आलं की मीही बोलणाऱ्याकडेच बघत होते. आरोपी चौकटीतच होता, पण माझी नजर वकिलांवर.

कोर्टातल्या कामाचा क्रमही बघा. साक्षीदार जे बोलतो ते न्यायाधीश आपल्या भाषेत टायपिस्टला सांगतात, आणि तेच कागदावर उतरतं. मृत कामगाराची बायको साक्षीला येते. तिचं बोलणं, तिची सगळी जिंदगी, कोर्टाच्या भाषेतल्या चार ओळी होऊन जाते. ल्युमेट असता तर इथे तिच्या चेहऱ्याजवळ गेला असता. ताम्हाणे फारसा जवळ जात नाही. कोर्ट तिला जितक्या लांबून बघतं, तितक्याच लांबून आपणही तिला बघावं असा त्याचा आग्रह दिसतो. दुसऱ्या एका प्रसंगात एका बाईची केस पुकारली जाते आणि ती बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून न्यायाधीश ती घेतच नाहीत. मुख्य गोष्टीशी तिचा काही संबंध नाही. तरी ती चौकटीत आहे, कारण त्या दिवशी ती त्या खोलीत होती. माझा तिसरा रकाना या सिनेमात जवळजवळ आपोआप भरतो.

पण खोलीबाहेर? कॅमेरा बचाव पक्षाच्या वकिलामागून दुकानात जातो, त्याच्या घरी जातो. सरकारी वकील बाईंबरोबर घरी, स्वयंपाकघरात, नाटकाला जातो. न्यायाधीशांबरोबर तर थेट सहलीला. कांबळे गातो, शिकवतो, पकडला जातो, तेवढा दिसतो. पण कोर्टातली माणसं सुटीत काय करतात ते दाखवणारा सिनेमा तुरुंगात काय चाललंय ते दाखवत नाही. कोर्टाला सुटी लागते, दिवे मालवले जातात, आपण अंधाऱ्या खोलीकडे बघत बसतो. मला तो अंधार या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक शॉट वाटतो. 'एका माणसाला आम्ही टिपलेलं नाही, आणि ते आम्हाला माहीत आहे' असं तो सांगतो. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' शेवटी उघड्यावर नेऊन श्वास घेऊ देतो, 'कोर्ट' ती सवलत देत नाही. न टिपलेल्या माणसाची जाणीव करून देण्यात मला 'कोर्ट' पुढचा वाटतो. माणसं एकमेकांकडे बघतात तेव्हा त्यांच्यात काय बदलतं, हे दाखवण्यात मात्र ल्युमेटला अजून तोड नाही.

सगळ्यांना शॉट, कुणालाच नजर नाही

एक तिसरी पद्धत तुमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी चालू असते. मालिकेत बातमी फुटते, ढोल वाजतो, आणि मग सासू, सून, नणंद, दीर, काका, प्रत्येकाचा धक्का बसलेला चेहरा, काहींचा तर तीन-तीनदा. हिशेबाने बघाल तर याहून समान वाटप नाही! पण सगळ्या चेहऱ्यांवर भाव एकच. कुणाला काय वेगळं वाटलं ते कळत नाही. शॉट सगळ्यांना मिळाला, बघितलं कुणाकडेच नाही. आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशी? त्या तर ऐकत होत्या ना? त्यांना धक्का बसत नाही बहुतेक.

हसू नका. मी हसले होते, मग माझी फिल्म आठवली.

तेव्हा माझ्या संशोधनातून हाती आलेलं थोडक्यात सांगायचं तर असं. कुणाला किती शॉट मिळाले हे मोजणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. तो माणूस बोलत नसताना सिनेमा त्याच्याकडे बघतो का, आणि त्याच्या बघण्यातून काही बदलतं का, हे विचारावं लागतं. नवव्या म्हाताऱ्याच्या बघण्याने खटला उलटतो. आमच्या फिल्ममधली बहीण दिवसभर बघत होती, आणि तिच्या बघण्याने काही उलटेल अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती.

तुमच्यापैकी कुणी उद्या मोबाइलवर का होईना सीन शूट करणार असेल, तर दोन गोष्टी करून बघा. कागदावर खोलीचा वरून दिसेल तसा नकाशा काढा आणि प्रत्येक माणसासाठी एक गोल. प्रत्येक गोलाशेजारी एक ओळ लिहा: या सीनमध्ये याचं काय जातंय? ओळ सुचली नाही तर तो माणूस सीनमध्ये कशाला आहे ते स्वतःला विचारा. आणि दुसरं, जो बोलत नाही त्याचा शॉट सकाळी पहिल्यांदा घ्या. बोलणाऱ्याचा शॉट कसाही, कितीही उशिरा घेतलाच जातो. त्याची आठवण करून द्यायला तो स्वतः समर्थ असतो.

त्या ताईंना मी नंतर भेटले होते. नवीन फिल्म करायची झाली तर तुमच्यापासून सुरुवात करीन, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "आधी कर, मग सांग." बरोबरच आहे. प्रबंध लिहून शॉट घेतल्यासारखं होत नाही.